बोरॉनची पिंजराकार समूह-संयुगे

ज्या संयुगांत बोरॉनचे अनेक अणू परस्परांना जोडले जाऊन पोकळ बहुफलकाच्या आकाराचा सांगाडा तयार करतात, त्या संयुगांना बोरॉनची पिंजराकार समूह-संयुगे म्हणतात. बोरॉन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांपासून बनलेली अशी संयुगे म्हणजे बोरेने होत. सांगाड्यातील काही बोरॉन अणूंची जागा कार्बन अणूंनी घेतली असल्यास त्यांना कार्बोरेने, धातूच्या अणूंनी घेतली असल्यास मेटॅलाबोरेने आणि कार्बन व धातू या दोघांनीही घेतली असल्यास मेटॅलाकार्बोरेने म्हणतात. केवळ धातूंच्या अणूंपासून बनलेले पिंजरेही ज्ञात असून त्यांच्या रचनेचे बोरेनांच्या रचनेशी जवळचे साम्य आहे.

रसायनशास्त्रात या संयुगांना जे स्थान मिळाले, ते मुख्यतः त्यांनी उपस्थित केलेल्या एका प्रश्नामुळे. दोन अणूंना जोडणारा सहसंयुजी बंध इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीने बनतो, अशी बंधाची परिचित कल्पना आहे. बोरेनांमध्ये मात्र सर्व बंधांना पुरतील एवढे इलेक्ट्रॉनच नसतात. तरीही हे रेणू अस्तित्वात असतात आणि त्यांपैकी काही तर अत्यंत स्थिर असतात. या विसंगतीचा उलगडा करताना रासायनिक बंधाची कल्पनाच व्यापक करावी लागली. पिंजऱ्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या ठाऊक असल्यास त्याचा आकार आधीच सांगता येतो, असा नियमही त्यातून हाती आला.

बोरॉन आणि त्याचे इलेक्ट्रॉन

बोरॉनचा अणुक्रमांक ५ आहे. सराफाच्या दुकानात डाग देताना वापरला जाणारा आणि घरगुती औषधांत लाही करून वापरला जाणारा टाकणखार किंवा सवागी हे बोरॉनचे सर्वांत परिचित संयुग होय. निसर्गात बोरॉन मुक्त अवस्थेत सापडत नाही. तो बहुधा ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या स्थितीत असतो.

बोरॉनच्या सर्वांत बाहेरच्या कवचात ३ इलेक्ट्रॉन असतात, परंतु बंध तयार करण्यासाठी त्याच्याकडे ४ कक्षके उपलब्ध असतात. कार्बनकडे ४ कक्षके आणि ४ इलेक्ट्रॉन असल्याने त्याचा हिशेब नेमका जुळतो. बोरॉनच्या हिशेबात मात्र कायम एका इलेक्ट्रॉनची तूट राहते. अशा मूलद्रव्याच्या संयुगांना इलेक्ट्रॉन-न्यून संयुगे म्हणतात. कार्बनचे अणू साखळ्या व कडी तयार करतात, तर बोरॉनचे अणू जवळ येऊन पिंजरे तयार करतात. या फरकाचे मूळ वरील तुटीत आहे. पिंजऱ्यात प्रत्येक अणूला अनेक शेजारी मिळतात आणि थोडे इलेक्ट्रॉन पुष्कळ अणूंमध्ये वाटून घेता येतात.

मूलद्रव्यरूप बोरॉनमध्येही हीच प्रवृत्ती दिसते. त्याच्या स्फटिकांत १२ अणूंची विंशतिफलके एकमेकांना जोडलेली असतात. विंशतिफलक म्हणजे २० त्रिकोणी पृष्ठे आणि १२ शिरोबिंदू असलेली घनाकृती. अत्यंत कठीण असलेल्या बोरॉन कार्बाइडमध्येही अशीच विंशतिफलके आढळतात.

आल्फ्रेड स्टॉक यांचे कार्य

बोरेनांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक (१८७६–१९४६) यांनी घातला. त्यांनी १९१२ पासून या विषयावरील निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मॅग्नेशियम बोराइडवर आम्लाची क्रिया केली असता अनेक वायूंचे मिश्रण अल्प प्रमाणात मिळते. यांतील बरीच संयुगे हवेच्या संपर्कात येताच पेट घेतात किंवा पाण्याने विघटित होतात, त्यामुळे नेहमीच्या उपकरणांनी ती वेगळी करणे शक्य नव्हते.

यावर उपाय म्हणून स्टॉक यांनी पूर्णपणे काचेची, बंद आणि निर्वात केलेली उपकरणे तयार केली. वायू एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यासाठी पाऱ्याच्या झडपा वापरल्या. थंड केलेल्या नळ्यांमध्ये वायू गोठवून त्यांचे उकळबिंदूंनुसार विभाजन केले. या पद्धतीने त्यांनी २, ४, ५, ६ आणि १० बोरॉन अणू असलेली हायड्राइडे शुद्ध स्वरूपात मिळवली. हवा व ओलावा सहन न करणाऱ्या पदार्थांसाठी आज प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या निर्वात नळीजालाचा उगम याच कामात आहे.

या संशोधनाची किंमत त्यांना प्रकृतीने मोजावी लागली. वर्षानुवर्षे पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात गेल्याने त्यांना डोकेदुखी, स्मृतिभ्रंश आणि इतर विकार जडले. कारण लक्षात आल्यावर १९२६ मध्ये त्यांनी पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याविषयी सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि पुढे अल्प प्रमाणातील पारा मोजण्याच्या पद्धतींवरही काम केले. प्रयोगशाळांतील पाऱ्याबाबत सावधगिरी बाळगण्याची जाणीव पसरण्यास या लेखनाचा मोठा हातभार लागला.

डायबोरेनचे कोडे

स्टॉक यांनी बोरेनांची सूत्रे निश्चित केली, पण त्या सूत्रांचा अर्थ लागत नव्हता. सर्वांत साधे स्थिर बोरेन म्हणजे डायबोरेन. त्याच्या रेणूत बोरॉनचे २ आणि हायड्रोजनचे ६ अणू असतात. कार्बनचे २ आणि हायड्रोजनचे ६ अणू असलेल्या इथेनशी त्याची तुलना स्वाभाविक होती. इथेनमध्ये ७ बंध असून त्यासाठी १४ इलेक्ट्रॉन लागतात व तेवढे असतात. डायबोरेनमध्ये मात्र दोन बोरॉनचे ६ आणि सहा हायड्रोजनचे ६ मिळून १२ इलेक्ट्रॉन होतात. इथेनसारखी रचना मानली, तर एका बंधापुरते इलेक्ट्रॉन कमी पडतात.

तरीही दीर्घकाळ अनेक रसायनशास्त्रज्ञ इथेनसारख्या रचनेचाच पुरस्कार करत होते. दोन हायड्रोजन अणू दोन्ही बोरॉन अणूंमध्ये पुलासारखे असावेत, ही कल्पना १९२१ मध्येच मांडली गेली होती, परंतु ती मागे पडली. १९४३ मध्ये ऑक्सफर्ड येथील क्रिस्टोफर लाँगे-हिगिन्स या पदवीच्या विद्यार्थ्याने आपले शिक्षक रोनाल्ड बेल यांच्यासह ही रचना नव्याने व सयुक्तिक मांडली. पुढे अवरक्त वर्णपटांच्या अभ्यासातून तिला आधार मिळाला आणि १९५१ मध्ये केनेथ हेडबर्ग व व्हर्नर शोमेकर यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने ती पक्की केली.

या रचनेत प्रत्येक बोरॉनला दोन हायड्रोजन अणू नेहमीच्या बंधांनी जोडलेले असतात. या चार बंधांत ८ इलेक्ट्रॉन खर्च होतात. उरलेले ४ इलेक्ट्रॉन दोन पुलांमध्ये वाटले जातात. प्रत्येक पुलात बोरॉन, हायड्रोजन आणि बोरॉन असे तीन अणू इलेक्ट्रॉनांच्या एकाच जोडीने बांधलेले असतात. या बंधाला त्रिकेंद्री द्वि-इलेक्ट्रॉनी बंध म्हणतात. एक जोडी तीन अणूंमध्ये वाटली गेल्याने पुलातील बंध किंचित लांब व सैल असतात. टोकाच्या बोरॉन–हायड्रोजन बंधाची लांबी सुमारे १.१९ अँगस्ट्रॉम, तर पुलातील बंधाची सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम भरते.

डायबोरेनमध्ये इलेक्ट्रॉनांची कमतरता असते, पण बंधांची नसते, हा या उलगड्याचा आशय होता. बंध दोनच अणूंमध्ये असला पाहिजे ही अट सोडताच १२ इलेक्ट्रॉनांचा हिशेब पूर्ण जुळला.

मोठ्या पिंजऱ्यांच्या रचना

मोठ्या बोरेनांच्या रचना ठरवण्याचे प्रमुख साधन क्ष-किरण विवर्तन हे होते. डेकाबोरेन हे सामान्य तापमानाला घनरूप असल्याने त्याची रचना सर्वांत आधी, १९४८ मध्ये, उजेडात आली. त्यातील १० बोरॉन अणू साखळीत वा कड्यांत जोडलेले नसून तोंड उघडे असलेल्या टोपलीसारखे मांडलेले होते. हा निष्कर्ष त्या काळी अनपेक्षित होता.

इतर बोरेने वायुरूप किंवा द्रवरूप असल्याने ती अत्यंत कमी तापमानाला गोठवून त्यांचे एकेरी स्फटिक मिळवावे लागत. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्यम लिप्सकोम (१९१९–२०११) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी आवश्यक तंत्र विकसित केले व एकामागून एक बोरेनांच्या रचना निश्चित केल्या. त्रिकेंद्री बंधाची कल्पना त्यांनी मोठ्या पिंजऱ्यांना लागू केली. तीन बोरॉन अणू एकाच जोडीने बांधले जाऊ शकतात, हेही त्यांनी दाखवले. बोरेनांच्या संरचनेच्या अभ्यासातून रासायनिक बंधावर प्रकाश टाकल्याबद्दल त्यांना १९७६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

क्ष-किरण विवर्तनाच्या जोडीला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन हे तंत्रही उपयोगी पडते. निसर्गातील बोरॉनपैकी सुमारे ८० टक्के असलेला बोरॉन-११ हा समस्थानिक या तंत्राला प्रतिसाद देतो. पिंजऱ्यातील वेगवेगळ्या स्थानी असलेल्या बोरॉन अणूंचे संकेत वेगवेगळे दिसत असल्याने, स्फटिक न मिळाले तरी विद्रावातील संयुगाच्या रचनेविषयी अनुमान करता येते.

संश्लेषण

डायबोरेन. स्टॉक यांच्या पद्धतीत उत्पादन फारच कमी मिळत असे. शिकागो येथे हर्मन श्लेसिंगर व हर्बर्ट ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोडियम बोरोहायड्राइड हे संयुग शोधून काढले आणि पुढे ते सहज उपलब्ध झाले. सोडियम बोरोहायड्राइडवर बोरॉन ट्रायफ्लोराइडची ईथर वर्गातील विद्रावकात क्रिया केली असता डायबोरेन मिळते. सोडियम बोरोहायड्राइडच्या ३ रेणूंची बोरॉन ट्रायफ्लोराइडच्या ४ रेणूंशी क्रिया होऊन डायबोरेनचे २ रेणू तयार होतात.

मोठी बोरेने. डायबोरेन तापवले असता त्याचे रेणू तुटतात, हायड्रोजन बाहेर पडतो आणि तुकडे पुन्हा जोडले जाऊन अधिक बोरॉन अणूंचे रेणू बनतात. तापमान, दाब आणि तापवण्याचा कालावधी यांवर कोणते बोरेन अधिक मिळेल हे अवलंबून असते. या मार्गाने पेंटाबोरेन व डेकाबोरेन तयार करता येतात. डेकाबोरेन हा पांढरा स्फटिकी घन असून तो सुमारे १०० अंश सेल्सिअसला वितळतो. इतर बोरेनांच्या मानाने तो हाताळण्यास सोपा असल्याने पुढील बहुतेक पिंजऱ्यांचा कच्चा माल तोच ठरला.

बंद पिंजऱ्यांचे ऋणायन. लाँगे-हिगिन्स आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट्स यांनी १९५५ मध्ये असे भाकीत केले होते की, १२ बोरॉन व १२ हायड्रोजन अणूंचे विंशतिफलक दोन ऋण प्रभार असतानाच स्थिर राहील. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉथोर्न आणि पिटोकेली यांनी १९५९ मध्ये डेकाबोरेनवर ट्रायएथिलअमाइनची क्रिया करून १० बोरॉन अणूंचा बंद पिंजरा असलेला ऋणायन मिळवला आणि १९६० मध्ये भाकितातील १२ अणूंचा डोडेकाबोरेट ऋणायनही तयार केला. त्याचे नियमित विंशतिफलकी रूप क्ष-किरण विवर्तनाने त्याच वर्षी सिद्ध झाले. डेकाबोरेनचा १ रेणू आणि सोडियम बोरोहायड्राइडचे २ रेणू योग्य विद्रावकात तापवले असता हायड्रोजनचे ५ रेणू बाहेर पडून हाच ऋणायन सोडियम लवणाच्या रूपात मिळतो.

कार्बोरेने. डेकाबोरेनवर ॲसिटोनायट्राइलसारख्या इलेक्ट्रॉन-जोडी देणाऱ्या पदार्थाची क्रिया करून नंतर त्यात ॲसिटिलीन वायू मिसळला, की ॲसिटिलीनचे दोन कार्बन अणू टोपलीच्या उघड्या तोंडाशी बसतात आणि पिंजरा बंद होतो. अशा प्रकारे १० बोरॉन व २ कार्बन अणूंचे विंशतिफलकी कार्बोरेन तयार होते. हे काम १९५० च्या दशकात लष्करी गोपनीयतेखाली झाले होते. ते १९६३ मध्ये अमेरिकेतून व सोव्हिएत संघातून स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. या संयुगाचे तीन समघटक आहेत. ऑर्थो-कार्बोरेनमध्ये दोन कार्बन अणू शेजारी असतात, मेटामध्ये त्यांच्यात एका अणूचे अंतर असते आणि पॅरामध्ये ते पिंजऱ्याच्या विरुद्ध टोकांना असतात. ऑर्थो रूप सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवल्यास मेटा रूप मिळते आणि त्याहूनही अधिक, ६०० अंशांपुढील तापमानाला पॅरा रूप तयार होते. एवढ्या उष्णतेतही पिंजरा न फुटता केवळ अणूंची मांडणी बदलते.

धातूचा समावेश. कार्बोरेनवर तीव्र आम्लारीची क्रिया करून पिंजऱ्यातील एक बोरॉन अणू काढून टाकता येतो. मागे उरलेल्या ११ अणूंच्या पिंजऱ्याला पंचकोनी तोंड असते. या ऋणायनाला हॉथोर्न यांनी डायकार्बोलाइड हे नाव दिले. त्यात पाण्याच्या मडक्याला असलेला ‘ओया’ हा स्पॅनिश शब्द दडलेला आहे. मडक्याच्या तोंडाशी धातूचा अणू बसवला की तो काढलेल्या अणूची जागा घेतो. १९६५ मध्ये लोखंडाचा अणू अशा दोन मडक्यांच्या मध्ये बसवण्यात यश आले आणि मेटॅलाकार्बोरेनांचे क्षेत्र खुले झाले. कोबाल्टचे याच प्रकारचे संयुग विशेष स्थिर आहे.

वेड यांचे नियम

१९७० पर्यंत अनेक पिंजऱ्यांच्या रचना ज्ञात झाल्या होत्या, परंतु त्यांच्यातील समान सूत्र स्पष्ट नव्हते. १९७१ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट विल्यम्स यांनी उघड्या पिंजऱ्यांचे आकार बंद पिंजऱ्यांतून एक किंवा दोन शिरोबिंदू वगळून मिळतात, हे दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातील केनेथ वेड यांनी या आकारांचा संबंध इलेक्ट्रॉनांच्या संख्येशी जोडला. मायकेल मिंगोस यांनी पुढे हा विचार धातूंच्या समूहांपर्यंत विस्तारला. म्हणून या नियमांना वेड–मिंगोस नियम असेही म्हणतात.

मोजणीची रीत साधी आहे. पिंजऱ्यातील प्रत्येक बोरॉनला बाहेरच्या बाजूने एक हायड्रोजन जोडलेला असतो. त्या बंधासाठी बोरॉनचा एक इलेक्ट्रॉन व एक कक्षक खर्च होते. उरलेले २ इलेक्ट्रॉन आणि ३ कक्षके सांगाड्याच्या वाट्याला येतात. हायड्रोजनचे अधिक अणू असल्यास ते प्रत्येकी १ इलेक्ट्रॉन देतात आणि प्रत्येक ऋण प्रभारामुळे १ इलेक्ट्रॉनाची भर पडते. या सर्वांच्या बेरजेला दोनने भागले की सांगाड्यातील इलेक्ट्रॉन-जोड्यांची संख्या मिळते.

ही संख्या अणूंच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असेल, तर पिंजरा पूर्ण बंद असतो. त्याला क्लोसो म्हणतात. दोनाने अधिक असेल, तर बंद पिंजऱ्याचा एक शिरोबिंदू रिकामा असतो. त्याला निडो म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचे मूळ घरटे या अर्थाच्या शब्दात आहे. तीनाने अधिक असेल, तर दोन शिरोबिंदू रिकामे असतात. ग्रीकमधील कोळी या अर्थाच्या शब्दावरून त्याला अरॅक्नो म्हणतात.

पुढील तीन उदाहरणांतून हा नियम स्पष्ट होतो.

• हेक्साबोरेट ऋणायन: बोरॉन ६, हायड्रोजन ६, ऋण प्रभार २. सहा बोरॉनचे १२ आणि प्रभाराचे २ मिळून १४ इलेक्ट्रॉन, म्हणजे ७ जोड्या. अणू ६, जोड्या ७, म्हणून क्लोसो. आकार पूर्ण अष्टफलकाचा.

• पेंटाबोरेन: बोरॉन ५, हायड्रोजन ९. पाच बोरॉनचे १० आणि अधिक असलेल्या ४ हायड्रोजनांचे ४ मिळून १४ इलेक्ट्रॉन, म्हणजे ७ जोड्या. अणू ५, जोड्या ७, म्हणून निडो. आकार चौरस पायाच्या पिरॅमिडचा, म्हणजेच एक टोक नसलेल्या अष्टफलकाचा.

• टेट्राबोरेन: बोरॉन ४, हायड्रोजन १०. चार बोरॉनचे ८ आणि अधिक असलेल्या ६ हायड्रोजनांचे ६ मिळून १४ इलेक्ट्रॉन, म्हणजे ७ जोड्या. अणू ४, जोड्या ७, म्हणून अरॅक्नो. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, म्हणजेच शेजारची दोन टोके नसलेल्या अष्टफलकाचा.

तिन्ही संयुगांत जोड्या सातच आहेत आणि तिन्ही एकाच अष्टफलकातून निघतात. पिंजऱ्याचे मूळ रूप जोड्यांच्या संख्येवरून ठरते, अणूंच्या संख्येवरून नव्हे, हा वेड यांच्या नियमाचा गाभा आहे.

या नियमाने इतर प्रश्नही सुटतात. डोडेकाबोरेटवर दोन ऋण प्रभार का असतात? बारा बोरॉन २४ इलेक्ट्रॉन देतात आणि १२ अणूंच्या बंद पिंजऱ्याला १३ जोड्या, म्हणजे २६ इलेक्ट्रॉन लागतात. उरलेले दोन बाहेरून घ्यावे लागतात. कार्बोरेन मात्र प्रभाररहित असते, कारण कार्बन अणू बोरॉनपेक्षा एक इलेक्ट्रॉन अधिक देतो. दहा बोरॉनचे २० आणि दोन कार्बनचे ६ मिळून २६ इलेक्ट्रॉन घरातूनच उभे राहतात.

धातूंचे पिंजरे

संक्रमण धातूंच्या अणूंना ९ संयुजा-कक्षके असतात. त्यांपैकी ३ सांगाड्यासाठी राखली, तर उरलेल्या ६ कक्षकांत १२ इलेक्ट्रॉन राहतात. म्हणून धातूचे स्वतःचे संयुजा-इलेक्ट्रॉन आणि त्याला जोडलेल्या लिगंडांनी दिलेले इलेक्ट्रॉन यांच्या बेरजेतून १२ वजा केले, की धातू सांगाड्याला किती इलेक्ट्रॉन देतो हे कळते. लोखंडाच्या अणूला तीन कार्बोनिल गट जोडलेले असतील, तर ८ अधिक ६ वजा १२ म्हणजे २ इलेक्ट्रॉन उरतात. बोरॉन–हायड्रोजन घटकही सांगाड्याला २ इलेक्ट्रॉन व ३ कक्षकेच देतो. म्हणून हे दोन घटक एकमेकांची जागा घेऊ शकतात. पेंटाबोरेनच्या पिरॅमिडातील एका बोरॉनच्या जागी असा लोखंडाचा घटक असलेले संयुग प्रत्यक्षात मिळाले आहे. अशा साम्याला आयसोलोबल साम्य म्हणतात. त्याचा सिद्धांत प्रामुख्याने रोआल्ड हॉफमन यांनी मांडला.

बोरॉनचा एकही अणू नसलेल्या पिंजऱ्यांनाही हा हिशेब लागू पडतो. ५ लोह अणू, १ कार्बन अणू आणि १५ कार्बोनिल गट असलेल्या संयुगात पाच लोह-घटकांचे १० आणि कार्बनचे ४ मिळून १४ इलेक्ट्रॉन, म्हणजे ७ जोड्या होतात. लोखंडाचे ५ अणू पेंटाबोरेनप्रमाणेच चौरस पायाचा पिरॅमिड तयार करतात आणि कार्बन अणू पायाच्या जवळ बसतो. ६ रुथेनियम अणू, १ कार्बन अणू आणि १७ कार्बोनिल गट असलेल्या संयुगातही ७ जोड्याच भरतात. तेथे रुथेनियमचे पूर्ण अष्टफलक असून त्याच्या मध्यभागी कार्बन कोंडलेला असतो. कथिलाच्या ९ अणूंपासून बनलेल्या व चार ऋण प्रभार असलेल्या आयनाला ११ जोड्या असतात आणि तो निडो प्रकारात मोडतो.

काही समूहांत जोड्या अपेक्षेपेक्षा कमी असतात. ६ ऑस्मियम अणू व १८ कार्बोनिल गट असलेल्या प्रभाररहित संयुगात ६ जोड्याच असतात. त्याला अष्टफलक परवडत नाही. ६ जोड्यांना साजेसा ५ अणूंचा बंद पिंजरा तयार होतो आणि सहावा अणू त्याच्या एका पृष्ठावर टोपीसारखा बसतो. याच संयुगाला दोन इलेक्ट्रॉन दिले की ७ जोड्या होतात आणि ऑस्मियमचे अणू अष्टफलकाच्या रूपात मांडले जातात.

जोडलेले पिंजरे

वेड यांचे नियम एकेकट्या पिंजऱ्यासाठी होते. एकमेकांना चिकटलेल्या पिंजऱ्यांसाठी अधिक व्यापक नियमाची गरज होती. असा नियम भारतीय रसायनशास्त्रज्ञ एलुवथिंगल देवस्सी जेमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. या नियमानुसार चार संख्यांची बेरीज करायची असते: पिंजऱ्यांची संख्या, सर्व शिरोबिंदूंची संख्या, दोन पिंजऱ्यांना समाईक असलेल्या एकेकट्या शिरोबिंदूंची संख्या आणि रिकाम्या शिरोबिंदूंची संख्या. टोपीसारखे बसलेले अणू असल्यास त्यांची संख्या वजा करतात. येणारे उत्तर म्हणजे आवश्यक जोड्यांची संख्या होय.

कोबाल्टचा अणू दोन डायकार्बोलाइड मडक्यांच्या मध्ये असलेल्या ऋणायनात पिंजरे २, शिरोबिंदू २३, समाईक शिरोबिंदू १ आणि रिकामे शिरोबिंदू ०. म्हणून २६ जोड्या आवश्यक ठरतात. प्रत्यक्ष मोजणीत १८ बोरॉनचे ३६, ४ कार्बनचे १२, कोबाल्टचे ३ आणि प्रभाराचा १ असे ५२ इलेक्ट्रॉन, म्हणजे नेमक्या २६ जोड्या मिळतात. या संयुगाच्या असाधारण स्थैर्याशी हा हिशेब सुसंगत आहे.

नियमांच्या मर्यादा

हे नियम सर्वत्र लागू पडत नाहीत. बोरॉनचे ४ व क्लोरिनचे ४ अणू असलेले संयुग बंद चतुष्फलकाच्या आकाराचे आहे. नियमानुसार त्याला ५ जोड्या हव्या होत्या. प्रत्यक्षात ४ आहेत. संक्रमण धातूंच्या मोठ्या समूहांतही अपवाद आढळतात. वेड यांचा नियम आकाराचा अंदाज देतो. संयुग तयार होईल की नाही, हे मात्र तो सांगत नाही.

गुणधर्म आणि धोके

उघड्या पिंजऱ्यांची लहान बोरेने सामान्यतः क्रियाशील, दुर्गंधीयुक्त व विषारी असतात. पेंटाबोरेन हवेत आपोआप पेट घेऊ शकते आणि मज्जासंस्थेला घातक आहे. याउलट डोडेकाबोरेटसारखे बंद पिंजरे पाणी, हवा आणि बऱ्याच प्रमाणात आम्ले व आम्लारी यांच्यापुढे टिकून राहतात. एकाच मूलद्रव्यांच्या जोडीपासून बनलेल्या संयुगांत एवढा फरक पडतो, तो पिंजरा उघडा आहे की बंद यामुळे.

बोरॉन जळताना वस्तुमानाच्या मानाने खूप उष्णता बाहेर पडते. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेने बोरेनांवर आधारित जेट इंधने तयार करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. परंतु ज्वलनातून तयार होणारे बोरॉन ऑक्साइड इंजिनाच्या पात्यांवर काचेसारखे साचत असे. विषारीपणाची अडचण तर होतीच. १९५९ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळण्यात आला. मात्र या काळात मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या डेकाबोरेनमुळे कार्बोरेनांचे संशोधन शक्य झाले.

उपयोग

कर्करोगावरील उपचार. बोरॉन-१० हा समस्थानिक निसर्गातील बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के असतो. तो मंदगती न्यूट्रॉन सहज शोषतो आणि हेलियम व लिथियम यांच्या वेगवान अणुकेंद्रांमध्ये फुटतो. ही अणुकेंद्रे साधारण एका पेशीच्या व्यासाइतकेच अंतर कापतात. त्यामुळे बोरॉन कर्कपेशींत साठवता आला, तर न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्याच पेशी नष्ट होतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना तुलनेने कमी इजा होते. एका रेणूत बोरॉनचे १२ अणू असल्याने डोडेकाबोरेट पिंजरा यासाठी सोयीचा ठरतो. गंधकयुक्त गट जोडलेला असा पिंजरा जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मेंदूतील गाठींवरील उपचारांत वापरला गेला.

किरणोत्सर्गी कचरा. कोबाल्ट डायकार्बोलाइड ऋणायन आकाराने मोठा असून त्याचा प्रभार संपूर्ण पिंजऱ्यावर पसरलेला असतो. त्यामुळे तो सीझियमच्या आयनांना पाण्यातून सेंद्रिय विद्रावकात ओढून नेतो. अणुभट्टीतील कचऱ्यातून किरणोत्सर्गी सीझियम वेगळे करण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला गेला आहे.

तीव्र आम्ले. ११ बोरॉन व १ कार्बन अणूंच्या पिंजऱ्याला क्लोरिनचे अणू जोडून मिळणारा ऋणायन प्रोटॉनला फार सैल धरून ठेवतो. अशा ऋणायनापासून मिळणारे कार्बोरेन आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे करता येणाऱ्या आम्लांपैकी अत्यंत तीव्र आम्ल असल्याचे क्रिस्टोफर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. त्याचा ऋणायन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असल्याने हे आम्ल इतर तीव्र आम्लांप्रमाणे पदार्थाची नासधूस न करता केवळ प्रोटॉन देते.

उष्णतारोधक पदार्थ. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीत मेटा-कार्बोरेनचे पिंजरे गुंफून तयार केलेली बहुवारिके उच्च तापमानातही टिकतात. वायू-वर्णलेखनाच्या स्तंभांत त्यांचा वापर केला जातो.

इलेक्ट्रॉन-स्रोत. लँथॅनम हेक्साबोराइडच्या स्फटिकात बोरॉनची अष्टफलके एकमेकांना जोडलेली असतात आणि त्यांमधील पोकळ्यांत लँथॅनमचे अणू असतात. तापवले असता हा पदार्थ सहज इलेक्ट्रॉन सोडतो. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत त्याचे ऋणाग्र वापरतात.